बत्ताशाचा गाल आणि माझा

"लोखंड लावायचं न्हाय," बायजाक्का म्हणाली आणि तिच्या बैलाच्या नि माझ्या मधोमध येऊन उभी राहिली.

माझ्या हातात लोखंड म्हणावं असं काही नव्हतंच. एक सुई होती. जाड होती हे खरं, पण बैलाच्या कातडीला बारीक सुई चालत नाही.

"आक्का, ही नुसती सुई आहे. आत काय साठलंय ते बघायचं, बाकी काही नाही."

"सुई कशाची असती?"

मी इलाहीभाईंकडे बघितलं. इलाही मुलाणी आमच्या दवाखान्यातले परिचर. जनावर धरण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, पण माणसं धरायची वेळ आली की ते आभाळाकडे बघायला लागत. तसेच ते आत्ताही बघत होते.

मी तेव्हा माणदेशातल्या घोडखिंडी नावाच्या गावात जनावरांचा डॉक्टर होतो. मूळचा कोकणातला, त्यामुळे तिथलं ऊन आणि तिथली भाषा, दोन्ही मला पहिले काही महिने लागली. बायजाक्का मोटे गावाबाहेरच्या वस्तीवर एकटी राहायची. साठी ओलांडलेली, विधवा. लेकी लग्न होऊन लांब गेलेल्या. घरात माणूस म्हणून ती आणि जनावर म्हणून बत्ताशा. बत्ताशा म्हणजे खिलार बैल, करड्या, कोसा रंगाचा, शिंगं अशी की बघणाऱ्यानं दोन पावलं मागंच राहावं. स्वभावानं मात्र नावासारखा. शेजारच्या वस्तीवरल्या बैलाशी सावड करून, म्हणजे आळीपाळीनं जोडी जुंपून, त्याच्यावर तिची शेती चालायची, आणि बाकीचा वेळ ती त्याच्याशी बोलत बसायची. तो ऐकायचाही. निदान कान तरी हलवायचा.

त्या बत्ताशाचा डावा गाल सुजला होता. खालच्या जबड्याला बेलफळाएवढं आवाळू आलं होतं. दिवाळी नुकतीच झाली होती, आणि दिवाळीनंतर तिकडच्या माळावरचं कुसळी गवत वाळतं. त्या गवताच्या टोकांना सुईसारखी कुसळं असतात. एखादं कुसळ चरताना गालात रुततं, आत सरकत जातं आणि तिथं पू धरतो. दरवर्षी अशी दहापाच जनावरं यायची. मी गाठ हातानं दाबून बघितली होती. गरम होती, वरची कातडी सरकत होती आणि मध्ये बोट किंचित आत जात होतं. हाडाला धरलेली गाठ असती तर ती दगडासारखी लागली असती आणि मग बैलाबरोबर माझंही तोंड उतरलं असतं. हे गळू होतं, साधं, पिकलेलं. बायजाक्कानंच कांदा भाजून हळदीचं पोटीस बांधून बांधून ते छान पिकवलं होतं.

"तुम्ही केलंत ते बरोबर केलंत," मी म्हणालो. "पण आता ते फोडायला हवं. खालच्या अंगानं चीर द्यायची, पू काढायचा, धुवायचं. बैल संध्याकाळी वैरण खाईल."

"आपसूक फुटंल."

"आणि आतल्या बाजूला फुटलं तर? किंवा सूज गळ्यात उतरली तर? पाणीसुद्धा गिळता यायचं नाही त्याला."

"डाक्टर, गाठीला लोखंड लावू ने. लोखंड लागलं की गाठ खवळती. समद्यास्नी ठावं हाय हे."

समद्यांना ठाऊक होतं हे खरं होतं. त्या मुलखात शिकलेला मास्तरही गाठीवर वस्तरा फिरू द्यायचा नाही. गाठ म्हणजे निजलेला साप, त्याला लोखंडानं डिवचू नये, असं मला स्वतः सरपंचांनी सांगितलं होतं. इलाहीभाईंनी मान डोलावली. ती कुणाच्या बाजूनं डोलावली हे मी विचारलं नाही.

मी सुई डब्यात ठेवली आणि घाम पुसला. घाम पुसण्यासाठी मला गालाला बांधलेला मफलर जरा वर करावा लागला. तिथंच माझं चुकलं.

"तुमच्या गालाला काय झालंय?" बायजाक्कानं विचारलं.

"काही नाही. दाढ आहे. जाईल."

बैलाच्या पाठीवरचा हात तिनं काढून घेतला.

"कवापासनं?"

"झाले काही दिवस."

"कुनाला दावलं?"

"मी डॉक्टरच आहे, आक्का. औषध चालू आहे माझं."

इलाहीभाई खोकले. त्यांना माझं औषध ठाऊक होतं. मी वासराच्या गोळ्या खात होतो. हसू नका, आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी हे केलेलं आहे. कपाट उघडलं, स्वतःच्या वजनाचं वासरू डोळ्यासमोर आणलं, त्या हिशोबानं गोळी मोडली आणि पाण्याबरोबर घेतली. सूज आज उतरेल, उद्या उतरेल म्हणत मी भर उन्हात मफलर गुंडाळून हिंडत होतो. जेवण म्हणजे आमटीत बुडवलेला पाव. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं, आणि गिळताना कानापर्यंत कळ जायची.

आणि दातांच्या डॉक्टरकडे मी जाणार नव्हतो. म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आडवं वासरू सरळ करणारा माणूस मी, पण त्या खुर्चीचं नुसतं नाव काढलं तरी माझ्या तळपायाला घाम यायचा. अजूनही येतो.

"सोडा ते फडकं," बायजाक्का म्हणाली.

"अहो आक्का, बैलाचं बघू या ना."

"सोडा म्हनते न्हवं."

मी मफलर सोडला. ती जवळ आली, हात न लावता बघत राहिली. बाजारात बैल पारखताना म्हातारी माणसं बघतात तसं बघतेय असं मला वाटलं, आणि जरा रागच आला. बराच वेळ बघून ती मागे सरली आणि पदर खोचून म्हणाली, "आधी तुमचं."

"म्हणजे?"

"लोकाला सांगायचं गाठ फोडा, आन आपुन फडकं बांधून हिंडायचं! आधी तुमच्या गालाला लोखंड लागू द्या. म्या माझ्या डोळ्यानं बगनार. तुमी नीट राहिला, तर बत्ताशाला हात लावा. न्हायतर न्हाय."

"आक्का, माझी दाढ आणि त्याचं गळू यांचा काय संबंध?"

"गालाला गाल हाय," ती म्हणाली, आणि बैलाला घेऊन गोठ्यात गेली.

परतताना मोटारसायकलवर मागे बसलेले इलाहीभाई माझ्या कानाशी वाकले. मग म्हणाले, "सायेब, म्हातारी तशी बरुबर बोलली."

"इलाहीभाई, तुम्ही उतरून चालत येता का?"

"न्हाय, मी आपलं म्हनलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा वस्तीवर गेलो. रात्रभरात तिचं मन वळलं असेल, निदान बैलाकडे बघून तरी वळेल, अशी आशा होती. बत्ताशाकडे बघून माझंच काळीज हललं. आवाळू खाली गळ्याकडे उतरायला लागलं होतं. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. गव्हाणीतली वैरण काल होती तशीच होती. एवढा देखणा बैल, मान खाली घालून असा उभा होता की बघवत नव्हतं. बायजाक्का बांबूच्या नळीनं त्याला पिठाचं पाणी पाजायला बघत होती आणि ते तोंडाच्या कोपऱ्यातून परत बाहेर येत होतं.

"आक्का, आता हट्ट पुरे," मी म्हणालो. बोलताना माझाही जबडा ठणकत होता, त्यामुळे शब्द दातांतून चावून बाहेर येत होते. "हा बैल मरेल. कळतंय का तुम्हाला? तुमच्या हट्टापायी मरेल."

तिनं नळी बाजूला ठेवली. तिचे डोळे लाल होते, ती रात्रभर झोपली नव्हती हे दिसत होतं.

"मला कळत न्हाय व्हय? वासरू हुता तवापासनं माझ्या हातचं खातुया त्यो." ती माझ्याकडे वळली. "चला की मग. सकाळची एस्टी यायची येळ झाली."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिनं बाजाराला जातानाचं चांगलं लुगडं नेसलं होतं आणि खुंटीला एक पिशवी तयार लटकत होती.

"मी नाही येणार," मी म्हणालो.

"मग बसा दोगंबी. त्यो गव्हाणीपाशी आन तुमी त्या दगडावर. म्या दोगांकडं बगत बसते."

बत्ताशानं मान वर करायचा प्रयत्न केला आणि त्याला ते जमलं नाही. इलाहीभाई म्हणाले, "सायेब, मी थांबतो हितं. पानी पाजतो चमच्याचमच्यानं. तुमी जाऊन या." ते आता उघडउघड तिच्या पक्षात गेले होते.

एका बैलाचा जीव माझ्या तोंडात अडकला होता. दुसरा इलाज नव्हता. मी एस्टीत बसलो.

तालुक्याला पोचेपर्यंत बायजाक्का माझ्याशी चकार शब्द बोलली नाही, मात्र शेजारच्या बाईला तिनं सगळं सांगितलं. "आमचं डाक्टर हायेत. गुरांचं. दाढ काढायला भ्यात्यात." त्या बाईनं पुढच्या बाकावर सांगितलं. उतरताना कंडक्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवून "काय होत न्हाय साहेब, मुंगी चावल्यागत वाटतंय" म्हटलं. माझी इज्जत एस्टीच्या मागच्या धुळीबरोबर उडत गेली.

दातांच्या दवाखान्यात दोशी मॅडम होत्या, माझ्याच वयाच्या, चष्मा लावलेल्या. त्यांनी माझं तोंड जेवढं उघडेल तेवढं उघडायला लावलं, बॅटरी मारली, हनुवटीखाली बोटं दाबली आणि त्यांचा चेहरा एकदम कामाचा झाला.

"औषध काय घेतलंत?"

मी नाव सांगितलं. त्यांनी भुवया वर केल्या.

"हे तर जनावरांचं आहे."

"वजनाचा हिशोब करून घेतलं," मी म्हणालो.

"कुणाच्या वजनाचा?"

मी छताकडे बघायला लागलो.

"वासराच्या," दारातून बायजाक्का म्हणाली. इलाहीभाईंनी तिला तेही सांगितलं होतं.

दोशी मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "अहो डॉक्टर, सूज जिभेखाली चाललीय. अजून उशीर केला असता तर ती घशावर गेली असती आणि श्वास कोंडला असता. मग मी नसते पुरले. मोठ्या दवाखान्यातसुद्धा हात टेकले असते." आणि मग दाराकडे बघून, "आजी, तुम्ही बाहेर बसा."

"न्हाय. मला लोखंड बगायचंय."

"काय बघायचंय?"

मी हात जोडून सांगितलं, राहू द्या त्यांना, एका बैलाचा प्रश्न आहे. मॅडमना काय समजलं देव जाणे, पण त्यांनी तिला कोपऱ्यात उभं राहू दिलं.

पुढचं मी फार सांगणार नाही. टोचण्या झाल्या, गाल बधिर झाला, पण भीती कुठं बधिर होते? पक्कड दिसली तेव्हा माझे पाय आपोआप उचलले गेले. तेवढ्यात कुणीतरी माझा घोटा धरला. घट्ट, जनावराचा पाय धरतात तसा. आणि पायांशी आवाज आला, "ह्हा, ह्हा, राहा, राहा माझ्या राजा, झालं, झालं बग." जिभेचा चकचक आवाज करत ती बोलत होती. बत्ताशाशी बोलायची तेच शब्द, तोच सूर. मॅडमच्या मदतनीस मुलीनं तोंडावर रुमाल धरला. मला लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, त्या आवाजानं माझे पाय खाली टेकले आणि अंग सैल पडलं. इतकी वर्षं जनावरांशी लोक असं का बोलतात ते मला तेव्हा पटलं.

दाढ निघाली. तिच्यामागून जे निघालं त्याचा वास मला धंद्यामुळे चांगलाच ओळखीचा होता.

"आज आराम करा," दोशी मॅडम म्हणाल्या. "बोलायचं नाही. उद्या परत दाखवायला या."

मी तोंडात कापसाचा बोळा धरून "बै..." एवढं म्हणालो.

"बैल," बायजाक्कानं त्यांना समजावलं. मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं. डोळे, गळा, छातीचा भाता. जणू मी पडतो की राहतो हे तिला ठरवायचं होतं. "उभं ऱ्हाता येतंय?" मी मान हलवली. "चला मग. आजच करू."

वस्तीवर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. बत्ताशाला बाहेर कडुलिंबाखाली आणलं होतं, पण मान तशीच खाली होती. इलाहीभाईंनी त्याला थोडं थोडं पाणी खरंच पाजलं होतं, आणि तेवढ्यावर तो तग धरून होता.

मला बोलायची बंदी, त्यामुळे सगळं खुणांनी चाललं. मी दोन बोटं दाखवली की इलाहीभाई दोन नंबरची बाटली देत, मी भुवया चढवल्या की परत घेत. बत्ताशाची मान लिंबाच्या बुंध्याशी बांधली. वेसण बायजाक्काच्या हातात दिली. ती दुसऱ्या कुणाच्या हातात तिनं दिलीच नसती. मी केस भादरले, औषध लावलं, बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि मग तीच कालची जाड सुई डब्यातून काढली.

बायजाक्काचे ओठ हलत होते. देवाचं, भिवबाचं, नाव घेत असावी.

सुई आत गेली. पिचकारीत दाट पिवळा पू आला. मी तो तिच्यासमोर धरला आणि बोटानं दाखवलं, हे बघा, हेच आहे आत, दुसरं काही नाही.

तिनं त्याच्याकडे कितीतरी वेळ बघितलं. "असं निगालं न्हवतं," ती पुटपुटली.

मी भुवया उंचावून विचारलं, कुणाचं?

"काय न्हाय. करा तुमचं काम."

मी गाठीच्या सगळ्यात खालच्या जागी चीर दिली. तिथंच द्यावी लागते, म्हणजे पू आपोआप वाहून जातो आणि आत साचत नाही. पुढं काय झालं ते जेवताना वाचू नये. इलाहीभाईंच्या सदऱ्याची बाही गेली, माझे बूट गेले, आणि बत्ताशानं असा एक सुस्कारा सोडला की लिंबावरचे होले उडाले. बोट घालून आतले कप्पे मोकळे केले, लाल औषधाच्या पाण्यानं धुतलं, पुन्हा धुतलं. तिसऱ्यांदा धुताना बोटाला काहीतरी टोचलं. चिमट्यानं ओढलं तर कुसळांची एक जुडी बाहेर आली, पिळून काळी झालेली, करंगळीच्या पेराएवढी.

मी ती बायजाक्काच्या तळहातावर ठेवली.

"एवढंच?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"एवढ्यापायी मरत हुता?"

मी पुन्हा मान हलवली. ती वेसण हातात धरूनच खाली बसली आणि रडायला लागली. बैल वाचला म्हणून रडते आहे असं मला वाटलं. मी पोकळीत औषधाची पट्टी भरली, तिचं टोक बाहेर ठेवलं, माश्या बसू नयेत म्हणून भोवती तेल लावलं. बत्ताशानं मान खाली केली आणि तिच्या डोक्यावरचा पदर हुंगला. संध्याकाळ व्हायच्या आत त्यानं हिरव्या कडवळाचे चार घास खाल्ले. मलाही भूक लागली होती, पण मला खाता येत नव्हतं, हा भाग वेगळा.

त्यानंतर रोज सकाळी पट्टी बदलायला मी जात होतो. जखम आतून भरत येत होती. बत्ताशा आता मला बघून कान मागे टाकायचा, म्हणजे माझी किंमत त्याच्या लेखी पूर्ववत झाली होती. माझाही गाल उतरला, बोलायला यायला लागलं.

एका सकाळी पट्टीचं काम संपवून मी निघालो तर बायजाक्कानं थांबवलं. चुलीवर मोठ्या पातेल्यात ज्वारीच्या कण्या शिजत होत्या. तिनं अर्ध्या घमेल्यात काढल्या, निववून बत्ताशापुढं ठेवल्या. उरलेल्यांत दूध-गूळ घालून एक ताट माझ्यापुढं सारलं.

"दोगांस्नीबी अजून चावायचं न्हाय," ती म्हणाली.

मी ओट्यावर बसून खायला लागलो. कण्या मऊ होत्या, गरम होत्या. मजेत होतो, म्हणून चेष्टेनं विचारलं, "काय आक्का, बसला ना लोखंडावर विश्वास? माझ्या तोंडात पक्कड बघून?"

"कशाचा इस्वास? भ्याच वाटत हुतं. तुमची सुई आत गेली तवा माझा जीव गेला हुता."

"मग मला कशाला एवढं तालुक्यापर्यंत ओढलंत?"

तिनं पातेल्यात उलथनं फिरवलं. त्यात आता काही नव्हतं, तरी फिरवलं.

"आमचं मालक असंच हुतं," ती म्हणाली. "गालाला उपरनं बांधून हिंडायचं. म्या इचारलं की म्हनायचं, दाढ हाय, जाईल. म्या बी म्हनायची, जाईल. पेरनी आली, मग भांगलन आली, मग काढनी आली. पार तोंड मिटाय लागलं तवा दवाखान्यात नेलं. तितं चिरलं. त्येच्यात बत्ताशागत पू न्हवता डाक्टर. दुसरंच हुतं कायतरी. दिवाळी बगितली न्हाय त्यांनी."

मी घास तसाच धरून बसलो.

"समदी म्हनाली, लोखंड लागलं म्हनून गेला. म्या बी तसंच म्हनाय लागले. लोखंडाला कुनीबी नाव ठेवावं, त्ये काय उलटून बोलतंय? बायकोनं येळंला नेलं न्हाय म्हनन्यापरीस ते बरं." तिनं उलथनं खाली ठेवलं. "तुमी त्या दिशी म्हनला, दाढ हाय, जाईल. तसंच म्हनला, अगदी त्यांच्यागत. मग म्या काय करायचं? म्या सांगून तुमी ऐकला असता? तुमी काय माझं ल्योक न्हाय. बैलापायी ऐकशाल, म्हनून बैल मधी घातला."

गोठ्यात बत्ताशा घमेलं चाटत होता. तिनं त्याच्यावर केवढा डाव लावला होता हे मला तेव्हा कळलं.

"आणि तो गेला असता तर, आक्का?"

"रडले असते की," ती म्हणाली. "बैलासाठी रडाया मला कुनी ना म्हनलं नसतं. तुमी गेला असता तर म्या कोन म्हनून रडायचं? ना नात्याची, ना गोताची."

मी ताटाकडे बघत राहिलो. ताट दिसेना.

"थांबला का? दुखतंय?"

"नाही."

"मग गिळा. थंड व्हतंय."

मी गिळलं.